स्थलांतर आणि सीमांवर कलाकृती करायचीय? आधी नोंदवही उघडा: ऊसतोडीचं उदाहरण घेऊन सगळ्या पायऱ्या

आर्ट कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनात गेलं की स्थलांतरावर एकतरी काम दिसतंच. काटेरी तार, जुनी ट्रंक, चपलांचा ढीग, मागे रेल्वेचा आवाज. करणाऱ्याची तळमळ खरी असते, पण समोर पाच मिनिटं उभं राहूनही कळत नाही की नेमकं कोण गेलं, कुठून गेलं, कुणाच्या पैशावर गेलं आणि परत आलं का. तिकडे मानवशास्त्राच्या डिपार्टमेंटमध्ये बरोब्बर उलटं. पोरं उन्हातान्हात गावात राहून येतात, भरपूर माहिती आणतात, त्याचा प्रबंध होतो, काळ्या रेक्झिनमध्ये बाइंड होतो आणि लायब्ररीच्या कपाटात जाऊन बसतो. ज्यांच्यावर लिहिलंय त्यांनी तो कधी बघितलेलाच नसतो.

ही दोन्ही कामं एकत्र कशी करायची ते इथे सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की कलाकृतीचा आकार घरून ठरवून न्यायचा नाही, तो फील्डमध्ये सापडतो, आणि सापडायला वेळ लागतो. उदाहरण म्हणून ऊसतोड कामगारांचं हंगामी स्थलांतर घेतलंय, कारण त्यात राज्याची सीमा पण आहे, जिल्ह्याची पण आहे आणि नकाशावर न दिसणाऱ्या बऱ्याच सीमा आहेत.

पायरी १: नकाशावरची रेघ सोडा, माणूस कुठे अडतो ते बघा

विषय निवडताना बहुतेक जण सीमा म्हणजे वाघा बॉर्डर, कुंपण, जवान असं धरून चालतात. तिथे तुम्हाला फील्डवर्क करताही येणार नाही, परवानग्या मिळत नाहीत आणि फोटो काढले तर कॅमेरा जप्त व्हायचा. त्यापेक्षा एक प्रवास निवडा आणि त्या प्रवासात माणसाला कुठे थांबवलं जातं ते शोधा.

आता बघा, बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातून किंवा नगरकडच्या पाथर्डी-शेवगावातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला कुटुंबंच्या कुटुंबं निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि काही टोळ्या पुढे कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यांवर. तीन-साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास, ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांडी-कुंडी-शेळी-पोरं सगळं सोबत. निपाणीच्या अलीकडे कोगनोळी नाक्यावर राज्य बदलतं ते झोपेत कळतही नाही. पण पुढे चौथीतल्या पोराची शाळा मराठीची कन्नड होते, किंवा सरळ बंदच होते. गरोदर बाईचं नाव गावच्या अंगणवाडीत आणि ती बसलीय कारखान्याच्या तळावर, म्हणजे टोळ्यांच्या हंगामी वस्तीत. रेशनकार्ड आता देशभर चालतं असं कागदावर आहे, पण रोज कोयता धरून घासलेल्या बोटांचा ठसा मशीन घेईल का हा वेगळाच प्रश्न. २०२४ चं विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, म्हणजे गाळप हंगामाच्या अगदी तोंडावर, तेव्हा टोळीतल्या किती जणांनी मत दिलं हे विचारून बघा. आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर एरवी कुणी ढुंकून बघत नाही ती जिल्ह्याची हद्दच खरीखुरी सीमा झाली, टोळ्या तळावर अडकून पडल्या, एप्रिलच्या मध्यावर सरकारने परवानगी दिली तेव्हा कुठे परतीचा रस्ता मोकळा झाला.

म्हणून फील्डमध्ये नेण्याचा प्रश्न साधा ठेवा: तुम्हाला कुठे थांबवलं, कुणी थांबवलं, कोणता कागद मागितला? या एका प्रश्नावर वर्षभराचं काम उभं राहतं.

ऊसतोड नको असेल तर आपल्या जवळचं घ्या. बेळगाव-निपाणीकडचे असाल तर सीमाप्रश्न घरातच आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासूनचा वाद, २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला दावा, डिसेंबर २०२२ मध्ये ८६५ गावांवर हक्क सांगणारा महाराष्ट्र विधिमंडळाचा ठराव हे सगळं बाजूला ठेवून एकाच घरातल्या तीन पिढ्यांची शाळेची दाखलापत्रं बघितली तरी काम होईल. गोव्याचे असाल तर मुंबईतल्या धोबीतलाव-माझगावकडच्या कुडी बघा, गावागावाच्या नावाने चालणाऱ्या त्या खोल्या, जहाजावर जाणारा माणूस तिथेच उतरायचा. कोकणातले असाल तर चाकरमानी आहेतच. एकच अट, की तुम्हाला तिथे वर्षातून अनेकदा जाता आलं पाहिजे. लांबचा आणि रोमँटिक विषय घेतला की दोन फेऱ्यांत पैसे संपतात.

पायरी २: जाण्याआधीचं वाचन आणि बघणं

आकडे आधी बघून घ्या, पण त्यांच्यावर विसंबू नका. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून जास्त लोक स्थलांतरित मोजलेत, त्यात बायकांच्या बाबतीत सगळ्यात मोठं कारण लग्न. पण पाच-सहा महिने जाऊन परत येणारा ऊसतोड कामगार या मोजणीत नीट सापडत नाही, कारण त्याचं जाणं हंगामापुरतं असतं आणि दर वर्षी तो परत येतो. तुमच्या कामाची पहिली कल्पना कदाचित इथेच मिळेल, मोजणीतून गळालेला माणूस ही.

आपल्याकडची परंपरा पण माहीत असू द्या. इरावती कर्व्यांनी डेक्कन कॉलेजमध्ये असताना नातेसंबंधांवर काम केलं ते सगळ्यांना माहीत असतं, पण कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणीही त्यांनी केलेली आहे, ती १९६९ मध्ये आली. विस्थापितांना काय विचारायचं, कसं विचारायचं हे त्यातून शिकता येतं, आणि इरावतीबाईंचं ललित गद्य वाचलं की लक्षात येतं की शास्त्र आणि कला एका माणसात राहू शकतात, भांडण होत नाही.

मग कलाकृती बघा, पण 'किती सुंदर' असं म्हणत नाही, माहिती आकारात कशी गेली ते बघत. अमेरिकेतले मानवशास्त्रज्ञ जेसन डी लिऑन यांचं 'होस्टाइल टेरेन ९४' घ्या. मेक्सिकोतून अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातून येताना मेलेल्या तीन हजारांहून जास्त माणसांच्या नोंदी, प्रत्येकासाठी शवागारात पायाच्या अंगठ्याला बांधतात तसली चिठ्ठी, ओळख पटली असेल तर फिकट पिवळसर रंगाची, नसेल तर केशरी. या चिठ्ठ्या कलाकार लिहीत नाही, प्रदर्शनाच्या गावातले स्वयंसेवक हाताने लिहितात आणि मग भिंतीवरच्या नकाशात मृतदेह जिथे सापडला त्या जागी टोचतात. नावातले ९४ म्हणजे १९९४, त्या वर्षी अमेरिकेने शहरांजवळच्या वाटा बंद करून लोकांना वाळवंटाकडे ढकलणारं धोरण आणलं. इथे आधी वर्षानुवर्षं फील्डवर्क आहे, चिठ्ठी नंतर आली.

कलाकार बुशरा खलिली यांचं 'मॅपिंग जर्नी' (२००८ ते २०११) तर आपल्यासारख्या कमी बजेटवाल्यांना फार उपयोगी. आठ व्हिडिओ, प्रत्येकात नुसता नकाशा आणि एक हात, तो हात मार्करने आपल्या प्रवासाची रेघ ओढतो आणि आवाज गोष्ट सांगतो. चेहरा कुठेच नाही. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी भारत-पाक सीमेवरच्या कुंपणाची लांबी ठराविक प्रमाणात लहान करून तेवढा धागा हाताने गुंडाळला, त्या कामाचं नावच ते प्रमाण आहे, १:१४.९. मुंबईच्याच रीना सैनी कलाट यांनी इलेक्ट्रिकच्या वायरींनी स्थलांतराच्या वाटांचा जगाचा नकाशा विणला. या चारही कामांत एक मोजता येणारी गोष्ट धरून तिला वस्तू दिलीय. तुम्हाला पण तेच करायचंय, फक्त तुमची मोजता येणारी गोष्ट तुम्हाला अजून माहीत नाहीये.

पायरी ३: गाईड दोन हवेत

एक मानवशास्त्राचा, एक कलेचा. पुणे विद्यापीठात मानवशास्त्र विभाग आहे, आदिवासी समाजांवर काम असेल तर पुण्यातलीच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, नागपूरला भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाचं केंद्र आहे. बीएफए झालेल्यांना इग्नूचा दूरशिक्षणातला मानवशास्त्राचा एमए पण चालतो, आणि २०२२ पासून यूजीसीने दोन डिग्र्या एकाच वेळी करायला परवानगी दिलीय, वेळा एकमेकांवर येत नसतील तर. डिग्री नाही घेतली तरी चालेल, पण फील्डमधल्या नोंदी महिन्यातून एकदा वाचून लाल पेन मारणारं कुणीतरी हवं. कलेच्या सरांना तुमच्या नोंदी वाचायला लावा आणि मानवशास्त्राच्या मॅडमना तुमची स्केचेस दाखवा, उलटं करा म्हणजे मजा येते.

पैशासाठी बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे अर्ज करता येतो, तिथे मराठीतून लिहिलेला प्रस्तावही घेतात. प्रस्तावात 'मी अमुक इन्स्टॉलेशन करणार' असं छातीठोक लिहू नका, 'या लोकांबरोबर इतका काळ राहून हे शोधणार' असं लिहा.

पायरी ४: कॅलेंडर त्यांचं, तुमचं नाही

इथे बरेच जण घसरतात. परीक्षा संपली की मे महिन्यात गावात जातात, तेव्हा टोळी परत आलेली, लग्नसराई चालू, कुणाला वेळ नाही, आणि ऊसतोड तर डोळ्यांनी दिसतच नाही. फेऱ्या अशा लावा: ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गावात, तेव्हा मुकादम (टोळी जमवून कारखान्याला मजूर पुरवणारा ठेकेदार) उचल वाटतो, म्हणजे पुढच्या हंगामाच्या कामापोटी आगाऊ पैसे, आणि सगळ्या प्रवासाचं मूळ तिथेच आहे. मग डिसेंबर-जानेवारीत कारखान्याच्या तळावर, जिथे कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या असतात आणि फडात, म्हणजे उसाच्या शेतात, तोडणी चालू असते. मग एप्रिल-मेमध्ये परत गावात, हिशेब कसा फिटला किंवा फिटला नाही ते बघायला. मधे एकदा गावात मागे राहिलेल्यांकडे जा, म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहात ठेवलेली पोरं. स्थलांतरावरच्या कामांत जाणाऱ्याचं चित्र सगळे काढतात, मागे राहणाऱ्याचं फार कमी.

गावात शिरताना कुणाच्या ओळखीने शिरता त्यावर पुढचं सगळं ठरतं. मुकादमाच्या गाडीतून उतरलात की तुम्ही मुकादमाचा माणूस, कारखान्याच्या शेतकी ऑफिसरबरोबर आलात की कारखान्याचे, मग उचलीबद्दल, वजनकाट्याबद्दल तुमच्यासमोर कुणी तोंड उघडणार नाही. शाळेतले सर, आशाताई, नाहीतर ऊसतोड कामगारांबरोबर काम करणारी स्थानिक संघटना हे बरे. मुकादमाशी पण बोलायचंच आहे, तो बऱ्याचदा स्वतः पूर्वी कोयता धरलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर पण कारखान्याचा बोजा असतो, पण त्याच्याकडे तुम्ही चालत जा, त्याच्या मागे बसून येऊ नका.

तळावर मोठ्या बायकांना मावशी, आत्या, बरोबरीच्यांना ताई, पुरुषांना दादा, काका, मामा. 'मॅडम आल्यात' हे चार-पाच दिवसांनी बंद झालं तर समजा जमतंय. आणि कामाच्या वेळी प्रश्न विचारत बसू नका. फडात गेलात तर मोळ्या बांधायला लागा, जमणार नाही, हसतील, हसू द्या.

पायरी ५: संमती, आणि ती एकदाच घ्यायची गोष्ट नाही

फॉर्मवर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं विद्यापीठाला वाटतं. ज्या माणसाने उचल घेताना कोऱ्या कागदावर अंगठा दिलेला असू शकतो त्याच्यासमोर तुम्ही परत एक कागद ठेवताय हे लक्षात घ्या. त्यापेक्षा तोंडी संमती रेकॉर्ड करा, साध्या भाषेत: मी कोण, हे कशासाठी, हे कुठे दाखवणार, नाव हवं की नको, आणि नंतर नको वाटलं तर काढून टाकेन. ही शेवटची ओळ महत्त्वाची, आणि ती पाळता आली पाहिजे, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगला नंबर द्या आणि ते कुठल्या कामात वापरलं त्याची यादी ठेवा.

कलेत संमतीचा अजून एक थर आहे. 'तुमची गोष्ट लिहू का' याला हो म्हणणारी बाई 'तुमचा आवाज मुंबईच्या गॅलरीत लावू का' याला हो म्हणेलच असं नाही, आणि तिला गॅलरी म्हणजे काय हे दाखवल्याशिवाय तिच्या हो ला अर्थ पण नाही. मोबाईलवर दुसऱ्या कुठल्यातरी प्रदर्शनाचा व्हिडिओ दाखवा, असे लोक येतात, असे उभे राहतात, असं ऐकतात, मग विचारा. म्हणजे तीनदा विचारायचं: नोंद घेताना, काम तयार झाल्यावर, आणि प्रत्येक नव्या ठिकाणी नेताना.

लहान पोरांचे चेहरे नकोत, कितीही सुंदर फोटो असला तरी नकोत. कर्जाची रक्कम, मुकादमाचं नाव, गावाचं नाव तिन्ही एकत्र येऊ देऊ नका, कारण पुढच्या हंगामाला तीच बाई त्याच मुकादमाकडे जाणार असते. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गाजल्या, सरकारने समिती नेमली, कॅमेरे आले नि गेले. आता तुम्ही जाऊन पहिल्याच दिवशी तोच प्रश्न विचाराल तर ती बाई तोंड फिरवेल, आणि बरोबरच करेल. तिने स्वतःहून काढला विषय तर ऐका.

मोबदल्यावरून वाद असतात. माझं मत, दिवसाचं काम बुडवून कुणी तुमच्यासाठी बसत असेल तर त्या दिवसाची मजुरी द्यायची, कारण खाडा पडला तर पैसे कापले जातात. फक्त ते 'माहिती विकत घेणं' होऊ नये म्हणून आधीच सगळ्यांसमोर एकसारखा दर सांगून टाका.

पायरी ६: नोंदी कशा घ्यायच्या

दिवसभर खिशातल्या छोट्या वहीत तुटक शब्द, आणि त्याच रात्री ते मोठ्या वहीत सविस्तर. त्याच रात्री म्हणजे त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी अर्धं उडून जातं. मोठ्या वहीचं पान उभं दुमडा, डावीकडे बघितलं-ऐकलं ते, उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते. दोन्हीची सरमिसळ केली की नंतर कळत नाही की ती बाई दमलेली होती का तुम्ही दमलेले होता.

चित्र काढणं ही पण नोंदच आहे, आणि आर्टवाल्यांची इथे चांदी असते. फोटो काढला की लोक सावध होतात, स्केच काढायला बसलात की लोक मागे येऊन उभे राहतात आणि चुका दाखवतात, 'कोपीचं तोंड इकडे नसतंय, वारा येतो', 'कोयत्याची मूठ अशी नसते'. त्या चुका दाखवण्यातच खरी मुलाखत होते. काढलेल्या प्रत्येक स्केचच्या कडेला कोण काय म्हणालं ते लिहून ठेवा.

नातेसंबंधांचा तक्ता करा, त्रिकोण पुरुष, वर्तुळ बाई, दोन आडव्या रेघा म्हणजे लग्न. टोळीतल्या सगळ्यांचा काढला की दिसेल कोण कुणाचा मेहुणा, कोण कुणाची चुलत जाऊ, टोळी कशी जमते. त्याच तक्त्यावर रंगाने लिहा कोण कुठल्या कारखान्यावर गेलं.

दिवसाची घड्याळ-नोंद घ्या. बाई पहाटे तीन-चारला उठते, पाणी, भाकरी, मग फड, तोडणी, मोळ्या, डोक्यावरून वाहून ट्रक भरणं, परत येऊन पुन्हा चूल, आणि रात्री गाडी आली तर पुन्हा भरायला. एका बाईचा आणि तिच्या नवऱ्याचा असे दोन तक्ते शेजारी ठेवा. कारखान्याच्या आणि मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे तिचं वेगळं नाव त्या वहीत नसतंच, तुमच्या तक्त्यात मात्र असेल.

नकाशे त्यांच्याकडून काढून घ्या, जमिनीवर, राखेने, खड्याने, जशी सवय असेल तसे. गाव ते कारखाना. त्यात पुणे-बेंगलोर हायवे येणारच नाही कदाचित, पण पंढरपूर येईल, गाडी बंद पडली ती जागा येईल, पोर आजारी पडलं ते दवाखान्याचं गाव येईल. वरून फोटो काढा, तारीख लिहा. घरी येऊन हेच क्यूजीआयएसमध्ये खऱ्या नकाशावर टाका, सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि दोन्ही नकाशांत काय जुळत नाही ते बघा. न जुळणाऱ्या जागा नीट जपून ठेवा.

वस्तूंची यादी: सोबत काय नेलं, मागे काय ठेवलं, कुणाकडे ठेवलं, तिकडून काय आणलं. आवाज: मोबाईल चालतो पण छोटा रेकॉर्डर मिळाला तर बघा, वेव्ह फॉरमॅटमध्ये घ्या, वाऱ्यासाठी माईकवर फोमची टोपी हवीच. प्रत्येक जागेचा दोन-तीन मिनिटं नुसता आवाज घ्या, कुणी न बोलता. फडात पाचटाची (उसाच्या वाळल्या पानांची) सळसळ आणि कोयत्याचा ठेका हे नंतर तुम्हाला लागणार आहे, तेव्हा परत जाता येणार नाही.

पायरी ७: नोंदीतून कलाकृतीकडे

एक फेरी झाली की लगेच करायला बसू नका. सगळ्या नोंदी वाचा आणि कडेला एका-दोन शब्दांत खुणा करा: 'कर्ज', 'वाट बघणं', 'झोप', 'पाणी', 'मोजणं'. कुठली खूण सगळ्यात जास्त वेळा येते आणि कुठली तुम्हाला अपेक्षित नव्हती, या दोन गोष्टींवर बोट ठेवा. मला विचाराल तर दुसरी जास्त कामाची. अपेक्षित नव्हती तीच तुमची, बाकीची पेपरात आलेली असते.

मग तीन प्रश्न. हे मोजता येतं का? याला वस्तू कुठली आहे? आणि ही वस्तू त्यांच्या रोजच्या वापरातली आहे का तुम्ही बाहेरून आणताय? काटेरी तार इथेच गळून पडते, कारण ऊसतोडीत ती कुठे नाहीच.

समजा 'कर्ज' ही खूण निघाली. उचलीचा हिशेब हंगामभर कसा फिटतो ते एका कोयत्यापुरतं टनांत मांडा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती पकडून आणि न पकडून दोन्ही. अमुक रुपये उचल म्हणजे किती टन ऊस, किती टन म्हणजे किती मोळ्या, किती मोळ्या म्हणजे डोक्यावरून किती खेपा. मग त्या खेपांना काय रूप द्यायचं ते ठरवा, दर खेपेला भिंतीवर चुन्याची एक उभी रेघ मारली तरी एक अख्खी खोली भरून जाईल, आणि बघणाऱ्याला मोजून दमायला होईल, तेच हवंय. वहीची मूळ पानं मात्र दाखवू नका, हस्ताक्षरावरून मुकादम ओळखू येतो.

समजा 'झोप' निघाली, तर दोन घड्याळ-तक्ते आहेत तुमच्याकडे. गोधडीवर बसतील. गोधडी तिथे प्रत्येक कोपीत असते, आणि टाके घालणाऱ्या बायका पण तिथेच आहेत. चोवीस पट्ट्या, झोपेच्या पट्टीला एक कापड, कामाला दुसरं. पण मग ती गोधडी शिवणाऱ्या बायका तुमच्या 'मदतनीस' नाहीत, त्या सहकलाकार आहेत. त्यांचा दर, त्यांची नावं (हवी असतील तर), विकली गेली तर वाटा, हे टाका घालायच्या आधी ठरवून लिहून ठेवायचं. डिझाइन पण तुमचंच चालणार नाही, त्या म्हणतील ही पट्टी इथे नको, तर का नको ते विचारा आणि नोंदवहीत लिहा, कारण तेही फील्डवर्कच चाललंय.

चेहरा न दाखवता व्हिडिओ करायचा असेल तर हात आणि नकाशा हा मार्ग आहे, पण खलिलींच्या कामाची नक्कल होईल असं वाटत असेल तर हात काय करतोय ते बदला, भाकरी थापणारा, मोळीचं बंध आवळणारा, रेशनच्या मशीनवर बोट पुसून पुन्हा ठेवणारा.

एक सावधगिरी. पाचट, वाढे (उसाचे हिरवे शेंडे), ताडपत्री, जुना कोयता असं सामान तळावरून उचलून आणून गॅलरीत मांडायचा मोह होतो. जुना कोयता विकत घेतलात तर तो नवा कधी घेणार, वाढे बैलांचा चारा असतो आणि विकून दोन पैसेही येतात, हे लक्षात ठेवा. कुणाच्या कामाची वस्तू उचलू नका. आणि कोपी गॅलरीत 'जशीच्या तशी' उभारणं मला तरी पटत नाही, शहरातली माणसं आत वाकून बघतात, सेल्फी काढतात, नि त्यात कळण्यासारखं काही उरत नाही.

पायरी ८: पहिलं प्रदर्शन तिकडे

गॅलरीच्या आधी काम गावात दाखवायचं. एप्रिल-मेमध्ये, टोळ्या परतल्यावर. शाळेची खोली, मारुतीचा पार, आठवडी बाजाराचा दिवस, जे मिळेल ते. पांढरी भिंत नाही म्हणून रडू नका, दोरी बांधा आणि चिमटे लावा. आवाजाचं काम असेल तर इअरफोन नकोत, छोटा स्पीकर लावा म्हणजे चार जण मिळून ऐकतील आणि भांडतील. बायकांना यायला जमेल अशी वेळ धरा, संध्याकाळची चूल पेटायच्या आधीची.

तिथे लोक सांगतील काय चुकलंय. रस्ता चुकलाय, आकडा चुकलाय, ह्याचं नाव काढ, तिचा आवाज नको. सगळं बदला. काही जण म्हणतील की यात नुसतं दुःखच दाखवलंय, तळावर रात्री भजन होतं, दादल्याची थट्टा होते, ते कुठाय? हे फार वेळा ऐकायला मिळतं आणि ते खरं असतं, स्थलांतरावरच्या कामात हसू सापडत नाही. बदल करून मगच पुढे शहरात न्या.

शहरात लावताना जागा विचार करून निवडा. पांढऱ्या भिंतीची गॅलरी चालेल, पण ज्यांच्या घरात ती साखर येते त्यांच्यासमोर जायचं असेल तर कॉलेजचं कॅन्टीन, एसटी स्टँड, कृषी प्रदर्शन हे जास्त बरं. भिंतीवरच्या मजकुरात पानभर थिअरी नको. कुठून, कुठे, कधी, किती, आणि कुणी कुणी मिळून हे केलं, एवढं मराठीत मोठ्या अक्षरात. बेळगावकडे नेणार असाल तर कन्नडमध्ये पण लावा, आणि तिथे फलकाच्या भाषेवरून तणाव होऊ शकतो म्हणून जागा देणाऱ्यांशी आधी मोकळं बोलून घ्या.

पायरी ९: लेखी भाग आणि सामान आवरणं

प्रबंध आणि कलाकृती एकमेकांची वर्णनं नकोत. प्रबंधात कलाकृतीचे फोटो चिकटवून 'हे माझं फाइंडिंग' असं म्हटलं की दोन्हीकडचे परीक्षक नाराज. प्रबंधात ते लिहा जे वस्तूत मावलं नाही, म्हणजे उचलीची पद्धत कशी चालते, टोळी कशी जमते, आणि एक अख्खं प्रकरण यावर की कलाकृती करताना, गावात दाखवताना कोणती नवी माहिती पुढे आली. गोधडीवरची पट्टी नको म्हणणाऱ्या मावशीचं कारण इथे येईल.

रेकॉर्डिंगच्या तीन कॉपी ठेवा, दोन वेगळ्या हार्डडिस्कवर आणि एक ऑनलाइन, खऱ्या नावांची यादी मात्र वेगळी, कागदावर, कुलपात. ज्यांचा आवाज आहे त्यांना त्यांची फाइल मोबाईलवर द्या, प्रत्येक घराला त्यांच्या फोटोची प्रिंट द्या, फाइल हरवते, प्रिंट भिंतीवर राहते. प्रबंधाचं आठ-दहा पानी मराठी पुस्तिकेत रूपांतर करून शाळेत आणि ग्रामपंचायतीत ठेवा, झेरॉक्सवर फार खर्च येत नाही. आणि हे सगळं ऑगस्टच्या आत आटपा, कारण मग पुढची उचल सुरू होते.